वीतभर पाण्यासाठी बोट

बोट ठरवण्याआधी आम्ही नदी चालत मोजली. मी आणि दादा, हातात दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा रंगवलेली काठी, आणि पाणी वर्षात सगळ्यात कमी असतानाचे दोन दिवस. डोह संपून पाणी जिथे गोट्यांवर पसरतं आणि खळाळत खाली उतरतं, अशा प्रत्येक जागी काठी टेकवायची आणि आकडा वहीत लिहायचा. चौदा जागा निघाल्या. नऊ ठिकाणी पाणी गुडघ्याच्या खाली, चार ठिकाणी वीतभर, आणि एका ठिकाणी, वीस-पंचवीस मीटरच्या पट्ट्यात, जेमतेम १२ सेंटिमीटर. पंख्याची बोट तिथे चालणार नव्हती. पंखा तळाच्या खाली लोंबतो, पहिल्याच मोठ्या गोट्याला त्याची पाती वाकतात. म्हणून जेट.

जेटची रचना थोडक्यात सांगते. तळातल्या एका तोंडातून, म्हणजे इनटेकमधून, पाणी आत घ्यायचं, इम्पेलरनं, म्हणजे पंपातल्या पात्यांच्या चाकानं, त्याला रेटा द्यायचा आणि मागच्या फळीतल्या नोझलमधून ते जोरात बाहेर फेकायचं. नोझलचं तोंड वळवलं की बोट वळते. तळाच्या खाली काहीही लोंबत नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र बसवलं ते गोट्यांच्या उथळ नद्यांसाठीच. झोत पाण्याखाली सोडण्याऐवजी मागच्या फळीतून पाण्याच्या पातळीच्या वर काढल्यावर त्यांच्या बोटीचा वेग एकदम वाढला होता. १९६० साली त्यांच्या जेट बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदी प्रवाहाविरुद्ध चढल्या. १९७७ साली एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरापासून गंगा उलटी चढत गेले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यानं त्यांच्या बोटी थांबवल्या. दादाला ही मोहीम लहानपणापासून पाठ आहे. आमच्या घरात जेट बोटीचं वेड आलं ते तिथून.

वहीतला १२चा आकडा बघून दादा म्हणाला, "म्हणजे आपल्याला १२ सेंटिमीटरवरून जाणारी बोट हवी." मलाही तेच वाटत होतं. मग आम्ही एका जुन्या जाणत्या चालकाकडे गेलो. काकांनी अनेक वर्षं उथळ नद्यांमधून जेट चालवली आहे. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि म्हणाले, "बोट पळताना किती पाणी मागते ते सगळेच विचारतात. उठताना किती मागते ते विचारा."

या एका वाक्यानं आमची पुढची सगळी निवड फिरली, म्हणून त्यावर जरा थांबते.

जेट बोट वेगात असते तेव्हा ती पाण्यात नसते, पाण्यावर असते. तळाखालचं पाणीच तिला वर उचलून धरतं आणि हलकी बोट आठ-दहा सेंटिमीटर पाण्यावरून सहज निघून जाते. पण उभ्या बोटीला त्या अवस्थेत यायचं, म्हणजे उठायचं, तर मधे एक चढ पार करावा लागतो. थ्रॉटल दिलं की आधी मागचं अंग खाली बसतं, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे जाते, आणि पाणी ओढणारं तोंड नेमकं मागेच असल्यामुळे ते तळातल्या वाळूच्या अगदी जवळ येतं. त्या काही सेकंदांत बोट उभी असताना लागतं त्याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त पाणी मागते. तेवढं पाणी नसेल तर इम्पेलर गोटे आणि वाळू गिळतो. म्हणजे उथळ जागा ओलांडता येणं हा अर्धाच प्रश्न. ती ओलांडण्यासाठी जिथून वेग घ्यायचा ती जागा पुरेशी खोल आणि पुरेशी लांब आहे का, हा खरा प्रश्न.

आम्ही परत नदीवर गेलो. यावेळी उथळ जागा नाही, त्यांच्यामधले डोह मोजले. किती खोल, किती लांब, सरळ की वळणाचा. अर्धा मीटर खोली आणि चाळीस मीटर सरळ लांबी असं माप धरलं. बारा डोह त्यात बसले. एका जागी मात्र दोन उथळ धावा, म्हणजे खळाळत्या जागा, इतक्या लागून होत्या की मधल्या पाण्यात पुन्हा उठायला वावच नव्हता. ती जोडी एका दमात पार करायची किंवा करायचीच नाही. ही वही घेऊन आम्ही बोट शोधायला लागलो. खरेदीची यादी इतकीच होती: पूर्ण वजनासह अर्ध्या मीटरच्या आतल्या पाण्यात, चाळीस मीटरच्या आत उठणारी बोट.

हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, निवडताना सगळ्यात जास्त वाद तळाच्या कोनावर झाला. सपाट तळ कमी पाण्यात तरंगतो, कमी ताकदीत उठतो; पण लाटेवर आपटतो आणि वळणावर बाजूला घसरत जातो. अरुंद नदीत घसरणं म्हणजे काठावरच्या खडकावर जाणं. व्ही आकाराचा तळ वळणावर पाणी धरून ठेवतो आणि लाट कापतो, पण त्याचा कणा, म्हणजे तळाच्या मधली धार, खोल जातो आणि त्याला उचलायला ताकद जास्त लागते. तोंडी वादातून काही निघेना, तेव्हा मी हिशोबच मांडला. पाण्याला टेकणारी लांबी ४ मीटर, रुंदी दीड मीटर, माणसं-सामानासह वजन ७७० किलो. नाळेचा निमुळतेपणा सोडून दिला, तर उभी असताना सपाट तळाची बोट साधारण १३ सेंटिमीटर बुडते, १० अंशांच्या तळाची १९, आणि २० अंशांच्या तळाची २६. शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ, याहून जास्त काही लागलं नाही. १३ आणि २६ एकाखाली एक लिहिलेले बघितल्यावर दादानं समुद्रासारख्या लाटा कापणाऱ्या खोल तळाचा नाद सोडला.

तरी सपाट तळ मी घेऊ दिला नाही, कारण आम्ही एका सपाट तळाच्या बोटीत बसून बघितलं होतं. सरळ पट्ट्यात ती सुंदर पळाली. वळणावर चालकानं नोझल फिरवलं, नाळ वळली आणि बोट मात्र जुन्याच दिशेनं आडवी सरकत राहिली. चालक सवयीचा होता, त्यानं आधीच अंदाज घेऊन वळण लवकर सुरू केलं होतं. मला तो अंदाज यायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. शेवटी १० अंशांचा तळ ठरला, आणि मागच्या भागात कण्याच्या जागी एक अरुंद सपाट पट्टा, ज्याला डेल्टा पॅड म्हणतात. या पट्ट्याचे दोन उपयोग. तो बोटीला लवकर उचलतो, आणि इनटेकच्या तोंडाशी बुडबुडे नसलेलं, भरीव पाणी आणून देतो. धारदार कणा असला की तो पाणी दोन्ही बाजूंना फाडतो आणि इनटेकला उरलेलं मिळतं.

धातूबाबत फार विचार केला नाही. फायबरग्लास खडकावर तडकतो, ॲल्युमिनियमला पोचा पडतो. पोचा घेऊन घरी येता येतं. समुद्री कामासाठी वापरतात ते ५०८३ किंवा ५०८६ जातीचं ॲल्युमिनियम घ्यायचं, एवढं पक्कं होतं. जाडीवर मात्र बराच वेळ गेला. तळाचं क्षेत्रफळ ६ चौरस मीटर धरलं तर जाडीतला प्रत्येक जादा मिलिमीटर १६ किलो वजन वाढवतो. पण पत्रा ४चा ५ मिमी केला की वाकण्याला त्याचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, कारण हा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १६ किलोंत एवढी मजबुती स्वस्त वाटली. तळ ५ मिमी, बाजू ३ मिमी. खडकांवरून घसरण्यासाठी तळाला जाड पॉलिथिलीनचा थर बसवायचाही सल्ला मिळाला होता. तो खरोखर उपयोगी असतो, खडकावर साबणासारखा सरकतो. पण १२ मिमीचा थर म्हणजे ६ चौरस मीटरला ६८ किलोच्या आसपास वजन. शिवाय हे प्लास्टिक उष्णतेनं ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट फुगतं. ४ मीटर लांबीत ३० अंशांच्या फरकानं ते दीड सेंटिमीटरच्या वर वाढतं, म्हणून बोल्टची भोकं लांबट ठेवावी लागतात. आमच्या नदीत गोल गोटे जास्त, धारदार कातळ कमी. एका माणसाएवढं वजन कायमचं अंगावर बाळगायला मी तयार नव्हते.

आता इंजिन. इथे तीन वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेवर आम्ही काही दिवस मनानं राहून आलो.

पहिली वाट आउटबोर्ड जेटची. बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते नेहमीचं आउटबोर्ड इंजिन, फक्त खालच्या पंख्याऐवजी जेटचा पंप. हलला भोक पाडायचं नाही, बिघडलं तर अख्खं इंजिन उचलून नेता येतं, गवत अडकलं तर वर उचलून हातानं काढता येतं. साधेपणामुळे मला हीच वाट आधी पटली होती. पण या इंजिनांची ताकद दोन आकड्यांत लिहितात ती उगाच नाही: ११५/८०, ९०/६५, ६०/४०. पंपापर्यंत ११५ अश्वशक्ती जाते आणि बोटीला उपयोग ८०च्या पंख्याएवढा होतो. साधारण ३० टक्के वाटेतच जातात. आमच्या बोटीवर ११५चं इंजिन बसवून वजन ८२५ किलोच्या घरात जात होतं, म्हणजे दर अश्वशक्तीमागे १० किलोंवर ओझं. पळायला ते चालतं. उठायला आमच्या चाळीस मीटरांत नाही, हे एका तशाच बोटीत पूर्ण वजनानं बसून, काठावर खुणा करून बघितलं. साठ मीटर लागले. शिवाय पंपाचं तोंड तळाच्या थोडं खाली येतं, म्हणजे पहिला मार त्यालाच.

दुसरी वाट व्ही-८ इंजिनाची. मोटारीचं मोठं इंजिन, त्याला २०० मिमीच्या वरचा पंप. त्याचा आवाज ऐकला आणि दादाचा चेहरा असा उजळला की मला काही दिवस त्याविरुद्ध बोलवेना. तांत्रिक बाजूही भक्कम होती. जेटचा रेटा ठरतो दर सेकंदाला किती पाणी मागे फेकलं आणि बोटीपेक्षा किती जास्त वेगानं फेकलं यावर. कमी वेगात, म्हणजे उठताना, थोडं पाणी फार वेगानं फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी बेताच्या वेगानं फेकणं जास्त फायद्याचं. म्हणून मोठा पंप ओझं छान उचलतो. पण लोखंडी ब्लॉकचं इंजिन, धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि जेट युनिट मिळून ४०० किलोच्या आसपास जातात. ते पेलायला हल साडेपाच मीटरचा लागतो, त्याला इंधन जास्त लागतं, आणि भरलेली बोट साडेचौदाशे किलोंची होते. त्याच हिशोबानं ती १० अंशांच्या तळावरही उभी असताना २५ सेंटिमीटर बुडते. ताकद आणि वजन यांचं प्रमाण उत्तम, उठायलाही जोरदार. पण मी दादाला एकच विचारलं, "ही वाळूवर बसली तर आपण दोघं तिला ढकलणार कशी?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं स्वतःच त्या पानावर काट मारली.

तिसरी वाट वॉटर स्कूटरच्या इंजिनाची. त्यातलं इंजिन, पंप, नोझल हे सगळं एकमेकांसाठीच बनलेलं असतं आणि वजन साधारण १२० किलोंत बसतं. आम्ही दीड लीटरचं, सुपरचार्जर (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) नसलेलं, १५५ अश्वशक्तीचं रोटॅक्स कंपनीचं इंजिन घेतलं. सुपरचार्जरवालं घ्यायचा मोह होता. पण पंप १५५ मिमीचाच राहतो, आणि लहान पंपात कमी वेगाला जास्त ताकद कोंबली की पात्यांच्या मागे पाणी फाटून वाफेचे बुडबुडे होतात. आवाज वाढतो, रेटा वाढत नाही. दुसरं कारण थंड करण्याच्या पद्धतीचं. या इंजिनात शीतक बंद नळीतच फिरतं आणि मागे तळाला असलेल्या राइड प्लेट नावाच्या धातूच्या पट्टीमधून उष्णता नदीला देतं. नदीचं पाणी थेट इंजिनातून फिरवणाऱ्या पद्धतीत वाळू आणि गाळ आतल्या वाटांत साचतो, त्यासाठी वेगळा वाळूचा सापळा बसवावा लागतो. एक्झॉस्टला मात्र इथेही नदीचंच पाणी लागतं, ती नळी अधूनमधून धुवावीच लागते.

लहान पंप घेतला म्हणजे ओझं आपण कमी ठेवायचं, हा करार आम्ही आपसांत केला. चार माणसांची बोट तीन माणसांची झाली. हल ४.६ मीटर, रिकामा ३०० किलो. ६० लीटर पेट्रोल, तीन माणसं, ८० किलो सामान. एकूण ७७०. दर अश्वशक्तीमागे ५ किलो.

एक गोष्ट इंजिन निवडताना कुणी सांगितली नव्हती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. इम्पेलर इंजिनाकडून जी ताकद मागतो ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे ८० टक्क्यांवर आणले की मागणी निम्म्यावर येते. म्हणून जेटला थ्रॉटलच्या शेवटच्या भागातच खरा जोर असतो, आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन आपल्या ठरलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचतंय का हे बघितल्याशिवाय इम्पेलर बरोबर आहे असं म्हणता येत नाही. पोहोचत नसेल तर पात्यांचा कोन जास्त, सहज ओलांडत असेल तर कमी, किंवा पंप हवा खातोय.

आमचा पंप हवा खात होता. बोट बांधून आली, पहिल्या दिवशी खोल पाण्यात उतरवली. सरळ जाताना ठीक. पण वेग वाढवून जरा वळवलं की इंजिन एकदम मोकळं पळायचं, फेरे वर उडायचे आणि बोट मागून कुणी धरल्यासारखी मंदावायची. बांधणाऱ्यांचं म्हणणं, इम्पेलर बदला. बदलला. तेच. मग आम्ही बोट पाण्याबाहेर घेऊन उलट्या बाजूनं, म्हणजे तळाकडून, निरखली. तळाला उचल देणाऱ्या ज्या लांब पट्ट्या वेल्ड केल्या होत्या, त्यातल्या आतल्या दोन थेट इनटेकच्या बाजूपर्यंत नेल्या होत्या. खोली मोजणारा सेन्सर इनटेकच्या सरळ रेषेत पुढे लावला होता. वेगात या प्रत्येक उंचवट्यामागे हवेची एक माळ सुटते आणि ती सरळ पंपात जाते. आतल्या पट्ट्या इनटेकच्या एक मीटर आधीच कापल्या, वेल्डिंगची शिवण घासून सपाट केली, सेन्सर मागच्या फळीच्या एका कडेला नेला. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर फेऱ्यांचा काटा हलला नाही. इनटेकच्या पुढचा तळ आरशासारखा हवा, हे मी आता कुणीही विचारण्याआधीच सांगते.

दुसरी दुरुस्ती तोलाची. इंजिन मागे, पंप मागे, आणि पेट्रोलची टाकी व बॅटरीही सोय म्हणून मागेच ठेवलेली. उठताना नाळ इतकी वर जायची की समोरची नदीच दिसेना. टाकी मधल्या बाकाखाली आणि बॅटरी नाळेत नेली. काकांच्या सांगण्यावरून लाल-पांढरी काठी घेऊन मी काठाजवळ उभी राहिले, दादानं पूर्ण वजनानं बोट उठवली. आधी पन्नास मीटर लागत होते, आता पस्तीस. कमी-कमी खोलीच्या जागी तेच करत गेलो. ४५ सेंटिमीटरला तळ न घासता उठली. त्याखाली आम्ही गेलो नाही.

इनटेकची जाळीही एकदा बदलली. पहिल्या जाळीच्या सळया फार जवळ होत्या; गोटे अडायचे पण पाणीही अडायचं. विरळ केल्या तर बोराएवढे खडे आत जातात आणि बहुतेक वेळा पात्यांना न लागता बाहेर पडतात. सगळ्यात वाईट तो खडा जो नेमका फटीएवढा असतो. तो सळयांत पाचर मारल्यासारखा बसतो. म्हणून पंपाच्या वर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, हात घालून साफ करता येईल असं झाकण करून घेतलं. ते झाकण नसलेली जेट बोट मी घेणार नाही. इम्पेलर आणि त्याभोवतीची कडी यांच्यातली फट मी दर मोसमाला मोजते, कारण वाळूनं ती वाढली की आवाज तोच राहतो आणि रेटा कमी होतो.

चालवायला शिकताना हातांना एकच गोष्ट विसरायला लावावी लागली. जेटला सुकाणू नसतं. पाणी फेकणं थांबलं की वळणं थांबतं. उथळ पाणी दिसलं की हात आपोआप थ्रॉटल मागे ओढतो, आणि तसं केलं की दोन संकटं एकदम येतात: बोट वळत नाही, आणि ती पाण्यात बसते, म्हणजे नेमक्या त्याच जागी तिला जास्त पाणी लागतं. मी हे रुंद, खोल डोहात, खडक समजून तरंगते डबे सोडून, कित्येकदा केलं. डबा समोर आला की थ्रॉटल धरून ठेवायचं आणि वळायचं. जीवरक्षक जाकीट आणि मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी, याशिवाय एकदाही नाही.

मग ती लागून असलेली दोन धावांची जोडी. पाणी वहीतल्यापेक्षा थोडंसंच जास्त होतं, पंधरा-सोळा सेंटिमीटर. दादा आणि आमचा सोबती सामान घेऊन काठानं चालत वर गेले आणि बोटीत मी एकटी राहिले, वजन साडेपाचशेवर आणून. खालच्या डोहात एक पूर्ण चक्कर मारली, पाण्याची जीभ कुठून उतरतेय ते पाहिलं, कारण सगळ्यात खोल पाणी त्याच जिभेत असतं. मग बोट उठवली. पहिल्या धावेत तळाखालचे गोटे एकेक करून दिसत होते. मधल्या तुकड्यात थ्रॉटल तसंच ठेवलं. दुसऱ्या धावेच्या वरच्या टोकाला मागे कुठेतरी एकदा खर्रकन आवाज झाला आणि लगेच पाणी हिरवं झालं, म्हणजे डोह.

दादा धावत आला. मी इंजिन बंद करून झाकण उघडलं आणि जाळीत हात घातला. एक सुपारीएवढा गोटा आणि मूठभर वाळू. तळाला डेल्टा पॅडच्या कडेला नखाएवढा ओरखडा. दादानं वही काढली, त्या जोडीपुढे तारीख घातली, आणि आम्ही सामान परत चढवायला घेतलं.